आधी ऋतू, मग स्तुती, मग बॉयलर

बॉयलर बंद पडला की भाडेकरू काय करतो? घरमालकाला मेसेज टाकतो, "बॉयलर बंद आहे." मग घरमालक प्लंबर पाठवतो, किंवा पाठवत नाही. जगात सगळीकडे हे असंच चालतं. आमच्या डॉक्टरकाकांकडे चालत नसे. जानेवारीतल्या एका सकाळी, तोंडातून वाफा निघत असताना, मी हा मेसेज टाकला आणि खालच्या मजल्यावरून उत्तर आलं, "मायना?"

मला वाटलं, चुकून आला असेल. मी पुन्हा टाकला. दोन स्वेटर, मफलर आणि माकडटोपी अशा थाटात काका स्वतः वर आले आणि माझ्या दारात उभं राहून मला शिकवायला लागले. मागणं असं अंगावर फेकायचं नसतं म्हणे. आधी ऋतूचं वर्णन करायचं. त्या ऋतूवरून हळूच वळण घेऊन, ज्याच्याकडे मागायचंय त्याची स्तुती करायची. मग मागणं, तेही थोडक्यात. आणि शेवटी त्याला दीर्घायुष्य चिंतायचं. हजार वर्षांपूर्वी फारसी दरबारात कवी असंच मागत असत, आणि आपल्याकडेही जुन्या पत्रांत 'विनंती विशेष' यायच्या आधी अर्धं पान मायनाच असायचा. हे सगळं दात कडकडत असलेल्या बाईला, दारात.

मला साडेनऊची मीटिंग होती. हात बधिर झाले होते. शेवटी वैतागून म्हटलं, लीड्सच्या या थंडीत झाडांची पानं गेली, चिमण्या गेल्या, माझ्या पायाची बोटंही जायच्या बेतात आहेत, पण डॉक्टरकाकांसारखा उदार माणूस खालच्या मजल्यावर असताना मला कसली भीती, तेव्हा कृपा करून बॉयलर दुरुस्त करा आणि शंभर वर्षं जगा. काकांनी डोळे मिटून ऐकलं. थंडीवरून स्तुतीवर येताना उडी जरा आखूड पडली, म्हणाले, बाकी ठीक आहे. आणि तेवढ्यात खाली बेल वाजली. प्लंबर आला होता. वर यायच्या आधीच त्यांनी त्याला फोन करून ठेवला होता.

तर असे हे काका. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं राहिले आणि त्यातला एकही महिना डोक्याला ताप झाल्याशिवाय गेला नाही. मी नागपूरची, एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करायला व्हिसावर आलेली. काका मूळचे सांगलीचे, तरुणपणी इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आयुष्यभर लोकांना झोपवलं, निवृत्तीनंतरही तेच चालू आहे, असं मराठी मंडळातले लोक त्यांच्या पाठीमागे म्हणायचे. मंडळाच्या गणपतीत एकदा त्यांना आभारप्रदर्शन दिलं होतं. काका शरद ऋतूपासून सुरू झाले. खजिनदारांपर्यंत पोचेस्तोवर पुरणपोळ्यांचं चामडं झालं, आणि तेव्हापासून मंडळात त्यांच्या हातात माइक जाऊ देत नाहीत.

हे वेड लागलं ऑपरेशन थिएटरात. बरोबरचा एक इराणी सर्जन पोट शिवताना फारसी ओळी गुणगुणायचा. काकांचं काम तसं नजर ठेवून बसायचं, म्हणून ते ऐकत राहिले, मग विचारत राहिले, मग शिकायला लागले. त्यात त्यांना एक दरबारी कवी सापडला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मी ते लिहिलं की एखादी काना-मात्रा चुकते आणि काका फोन करतात. ते स्वतः त्याला नुसतं 'आपला माणूस' म्हणायचे. सुरुवातीला मला वाटायचं, हे कोणी सांगलीचे नातेवाईकच असतील.

आपला माणूस एका खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. गावातून चालत सुलतानाच्या दरबारात गेला आणि वसंतातल्या नव्या वर्षाच्या उत्सवात अशी स्तुती म्हणाला की सुलतानाने अंगावरचा झगा काढून त्याला घातला. "शिरपाव म्हणतो ना आपण, तो हाच," काका सांगायचे, जणू झगा त्यांनाच मिळालाय. मग काय, नोकरीच लागली. सुलतानाने लढाई जिंकली, कविता कर. सुलतानाची सर्दी बरी झाली, कविता कर. सुलतानाचा ससाणा मेला, त्याच्यावर रडकी कविता कर. सुलतान बर्फातून स्वारीला निघाला की यानेही मागून घोडा हाकायचा, कारण विजय झाल्या झाल्या स्तुती तयार हवी. पुढे पुतण्याने त्या सुलतानाला मारलं आणि स्वतः गादीवर बसला. आपल्या माणसाने जुन्याच कवितांत नाव बदलून त्या पुतण्याला ऐकवल्या.

इथे मी एकदा बोलून गेले की काका, हा तर चक्क खुशमस्कऱ्या. झालं. चहा तसाच ठेवून काका उठले. खुशमस्कऱ्या राजाला सांगतो तू असा आहेस, म्हणाले, आणि हा सांगायचा तू असा असायला हवास, भर दरबारात, सगळ्यांदेखत, म्हणजे मग राजाला तसं वागावंच लागतं. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, सुटले. पाचव्या दिवशी आवळ्याच्या लोणच्याची वाटी घेऊन वर आले आणि जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले.

नुसतं वाचून भागलं असतं तर गोष्ट वेगळी. काका तसं जगायचे. आमच्या कचऱ्याच्या हिरव्या बिनचं झाकण तुटलं. दुसरा कोणी कौन्सिलच्या वेबसाइटवर दोन क्लिक करून नवं मागवतो. काकांनी इंग्रजीत दोन पानं पाठवली. पहिलं पान यॉर्कशरच्या वसंताचं, डॅफोडिल्स, ओली भिंत, कोकरं वगैरे. दुसऱ्या पानावर कौन्सिलच्या उदारपणाने गल्लीबोळ कसे उजळलेत ते. झाकण अगदी तळाला, एका ओळीत. कौन्सिलचं उत्तर आलं की आपल्या मनःपूर्वक कौतुकाबद्दल आभारी आहोत, ते संबंधित टीमला कळवलं आहे. झाकणाचा उल्लेख नव्हता. काकांना मात्र कोण आनंद! बघ, म्हणाले, दरबाराने दखल घेतली. मी माझ्या फोनवरून दोन क्लिक केले आणि बिन आणवला.

सगळ्यात मोठा वैताग म्हणजे ते हरवलेलं मागणं. आपल्या माणसाचे शेवटचे दिवस वाईट गेले. तिसऱ्या सुलतानाने त्याला काढून टाकलं. म्हातारपणी, डोळे अधू झालेले असताना, तो दुसऱ्या एका छोट्या राजाच्या दरबारात आपणहून गेला. न बोलावता आलेला म्हणून त्याला दाराशी बसवलं, लोकांच्या चपला असतात तिथे. तिथून त्याने शेवटची कविता म्हटली. ऋतू आहे, स्तुती आहे, आणि पुढे काहीच नाही. मागणं नाही, दीर्घायुष्य नाही, कविता तुटल्यासारखी थांबते. काकांची खात्री होती की नकलून घेणाऱ्याने शेवट गाळलाय. त्यासाठी ते वर्षानुवर्षं जगभरच्या ग्रंथालयांना लिहीत होते, अर्थात आधी ऋतू, मग स्तुती. ताप आला तरी तेच, कोणी वारलं तरी तेच. काय मागितलं असेल ग त्याने, असं जिन्यात अडवून विचारायचे. मी म्हणायचे, खुर्ची मागितली असेल, काका.

आता त्यांच्या मुलीबद्दल. अनघा लंडनजवळ मेडनहेडला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलताना खुर्ची 'तो' आणि टेबल 'ती', पण बोलते हौसेने. तिची आई गेली तेव्हापासून बापलेकीत रविवारचा फोन तेवढा उरला होता, आणि त्या फोनवर हवामानाच्या पुढे गाडी जात नसे. मला वाटायचं, चला, निदान ऋतूवर्णन तरी होतंय.

गेल्या हिवाळ्यात काका जिन्यावरून पडले. हातात शब्दकोश होता, त्याला वाचवायच्या नादात मनगट मोडून घेतलं. काचबिंदूमुळे त्यांना कडेचं दिसत नाही हे तेव्हा मला कळलं. आधी कोणाला सांगितलं नव्हतं. मग मी लक्ष ठेवायला लागले, तर दूध उतू जातंय, गॅस चालू आहे, आणि काका शेजारच्या खोलीत सातव्या ओळीवर अडलेले. बरं, माझं असं की मला बर्मिंगहॅमला नवी नोकरी लागली होती. एप्रिलपासून. म्हणजे मी गेल्यावर या घरात काका, जिना आणि गॅस, एवढेच उरणार होते. मला झोप लागेना.

मी अनघाला फोन केला. ती म्हणाली, मी तर कधीच सांगितलंय, बाबांना म्हणावं या. मी खाली जाऊन काकांना सांगितलं, अनघा म्हणतेय या. काका म्हणाले, बोलावणं असं असतं? 'या' म्हणे. एक अक्षर. आपला माणूस न बोलावता गेला आणि चपलांपाशी बसला. मी तसा जाणार नाही. तिला नीट बोलावू दे.

नीट म्हणजे काय हे मला पाठ होतं. मी कपाळावर हात मारला, पुन्हा वर आले, अनघाला पुन्हा फोन केला. म्हटलं, बाई ग, दोन वाक्यं हवामानाची बोल, दोन वाक्यं त्यांच्या कौतुकाची बोल, आणि मग बोलाव. तुझं काय जातं?

"त्यांना कौतुक पाहिजे?" ती म्हणाली. "मी मेडिकलला गेली, बाबा म्हणाले ठीक आहे. मी पास झाली, ठीक आहे. माझा लग्न झाला, ठीक आहे. आईने पूर्ण लाइफ त्यांच्यासाठी कुकिंग केला, तिला पण ठीक आहे. अख्ख्या स्ट्रीटला ते प्रेझ करायला शिकवतात. आम्हाला कधी केला नाही. आता मी करू?"

फोन ठेवला आणि मला असा संताप आला म्हणून सांगू. मनात आलं, जाऊ दे, तुमचं तुम्ही बघा, मी कोण लागते? पण पाय आपोआप जिन्याकडे वळले. काका टेबलाशी बसले होते, प्लास्टरातला हात पानावर ठेवून, मान तिरकी करून, जेवढं दिसेल तेवढं वाचत. मला बघून म्हणाले, काय म्हणतो दरबार?

"काका, कवी कोण आणि सुलतान कोण, ते एकदा नीट बघा," मी म्हटलं. "गरज तिला आहे का? जिना तुम्हाला दिसत नाही. गॅस तुम्ही चालू ठेवता. मागायचंय तुम्हाला. मग दरबार तिचा झाला ना? आणि गादीवर बसून स्तुतीची वाट बघताय तुम्ही. इतकी वर्षं त्या माणसाचं वाचलंत आणि बसलात कोणाच्या जागी?"

काकांनी चूक काढली नाही, फारसी दाखला दिला नाही, उठूनही गेले नाहीत. मी दार आपटून वर आले आणि जरा रडलेसुद्धा, कशासाठी कोण जाणे.

त्यानंतर पुढचे कितीतरी दिवस त्यांनी चहाला हाक मारली नाही. खालून पुटपुटणं ऐकू यायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मला वाटलं, लागले पुन्हा त्याच कवितेला, कशानेच सुधारायचा नाही हा माणूस. मग एका शनिवारी वर आले आणि म्हणाले, उद्या अनघाला जेवायला बोलावलंय, तू खाली ये, मला एकट्याला धीर होणार नाही.

अनघा आली. मी वांग्याची भाजी केली होती, काकांनी एका हाताने जमेल तसा भात लावला होता. जेवणं झाली. ती कोट घ्यायला उठतेय तोच काकांनी तिला बसायला सांगितलं, आणि स्वतः उठून खोलीच्या दारापाशी, चपलांच्या रॅकजवळ, जाऊन उभे राहिले. हातात कागद नव्हता. तो असता तरी त्यांना दिसला नसता.

मार्च आहे, म्हणाले. मागच्या अंगणात तुझ्या आईने लावलेल्या झाडाला कळ्या आल्यात, मला दिसत नाहीत, पण हात लावला की कळतात. तू सात-आठ वर्षांची असतानाही असाच मार्च होता. आई हॉस्पिटलात होती, आणि त्या दिवशी भात तू केलास. तो खाली लागला. तू वरचा पांढरा भात मला वाढलास आणि करपलेला स्वतःच्या ताटात घेतलास, मला दिसू नये म्हणून वर वरण ओतलंस. मला दिसलं होतं. मी ठीक आहे म्हणालो. आई गेली त्या दिवशी आम्ही सगळे रडत होतो, आणि तू आधी वॉर्डात जाऊन एकेका नर्सचे आभार मानून आलीस. मी इतकी वर्षं हॉस्पिटलात काढली, मला ते सुचलं नव्हतं.

मला वाटलं आता मागणं येतंय. पण ते पुढे म्हणाले की दोन वर्षांपूर्वी मी मेडनहेडला आलो होतो. अनघाने चमकून माझ्याकडे पाहिलं, मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. ट्रेनने आलो, म्हणाले, तुझ्या दवाखान्यातल्या वेटिंग रूममध्ये तासभर बसलो. शेजारी एक म्हातारी होती. ती आत जाऊन आली आणि तिच्या मुलाला म्हणाली, ही डॉक्टर स्क्रीनकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. माझ्या आयुष्यात कोणा पेशंटने माझ्याबद्दल असं म्हटलं नाही. माझे सगळे झोपलेले असत. मग मी परतीची ट्रेन धरली. घरी आलो नाही, कारण तू बोलावलं नव्हतंस.

एवढं बोलून काका गप्प झाले. दारापाशी तसेच उभे. मी वाट बघितली, अनघानेही बघितली. माझा जीव नुसता टांगणीला. इथवर आणलं आणि आता ऐन वेळी विसरले की काय? न राहवून मी हळूच म्हटलं, काका, मागणं राहिलं.

"नाही राहिलं," ते म्हणाले. "हे इथेच संपतं."

अनघाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिने एवढंच विचारलं की बाबा, मग हे सगळं आधी का नाही बोललात.

"नीट जमलं की म्हणायचं ठरवलं होतं," काका म्हणाले. "मला वाटलं, वेळ आहे."

ती उठली. मला वाटलं मिठी मारेल. तिने जिन्याखालचं कपाट उघडलं, त्यांची जुनी सूटकेस ओढून बाहेर काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. हवामान नाही, कौतुक नाही, काही नाही. काकांनी मुकाट्याने तिचं कुलूप चाचपडायला सुरुवात केली.

पुढच्या शनिवारी मी त्यांना मेडनहेडला पोचवायला गाडीतून गेले. तेरा शब्दकोश आणि लोणच्याच्या बरण्या मांडीवर घेऊन काका शेजारी, साडेतीन तास, त्यातही हायवेवरच्या प्रत्येक सर्व्हिसेसला थांबा आणि प्रत्येक थांब्याला इतिहास. अनघाच्या दारात पोचलो. काकांनी बूट काढले आणि तिथेच, रॅकपाशी, भिंतीला टेकून उभे राहिले. आत येईनात. मी सामान आत ठेवून आले तरी तिथेच. अहो चला की, मी म्हटलं. ते हलले नाहीत, आणि मग मला कळलं ते कशाची वाट बघताहेत.

अनघाने त्यांच्या चांगल्या हाताला धरलं, पॅसेजमधून आतल्या खोलीत नेलं आणि खिडकीशी तिची स्वतःची खुर्ची होती, तिच्यात बसवलं. खोली तिने त्यांच्यासाठी तयार केली होती. कपाटं रिकामी केली होती, मोठा दिवा आणला होता, जिना लागू नये म्हणून स्वतःची अभ्यासिका वर हलवली होती. आता ती समोर उभी राहिली, हात एकमेकांत गुंतवून, लहान मुलीसारखी. मी मनातल्या मनात काकांना म्हटलं, बोला. इतकं केलंय पोरीने, आता तरी चार शब्द बोला, माझे आई.

काकांनी मान फिरवून फिरवून सगळी खोली बघितली. दिवा बघितला. खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

"ठीक आहे," म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. अनघा मात्र हसायला लागली, हसता हसता खाली गालिच्यावर बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.